पोटखराब्यातले वतन

मराठी माणसाला बेडूक अपरिचित नाही. उलट तो इतका परिचित आहे, की त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ज्याच्या नावाचे स्वतंत्र सूक्त आहे आणि ज्याच्या वर्षाकालीन कोलाहलाला अतिरात्र यागात मंत्रघोष करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा ऋषीने दिली आहे. पंचतंत्रात ज्याच्या गंगदत्त नावाच्या राजाने भाऊबंदांचा सूड उगवण्यासाठी सापाला विहिरीत बोलावून आपल्याच कुळाचा नाश ओढवून घेतला. ज्याच्यावरून ‘कूपमंडूक’ हा शब्द आपण संकुचित बुद्धीच्या माणसाला बहाल करून टाकला. आणि पावसाने ओढ दिली म्हणजे ज्याला काठीला बांधून, अंगाला कडुनिंबाचा पाला गुंडाळलेली पोरे धोंडी मागत दारोदार फिरत, तो हा प्राणी. पण या साऱ्या उल्लेखांकडे जरा बारकाईने पाहिले, तर ध्यानात येते की हा बेडूक सर्वत्र साचलेल्या पाण्याचा आहे : तळ्याचा, डबक्याचा, विहिरीचा, भातखाचराचा. वाहत्या पाण्याच्या बेडकाला आपल्या वाङ्मयात, म्हणींत किंवा विधींत, निदान माझ्या वाचनात तरी, कोठे जागा मिळालेली दिसत नाही.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. डबक्यातला बेडूक गावाच्या शेजाराने राहतो आणि मोठ्याने बोलतो. ओढ्यातला बेडूक रानात राहतो, रात्री बोलतो, आणि जे बोलतो त्यातले निम्मे पाण्याच्या खळखळाटात बुडून जाते. ज्या बेडकाभोवती प्रस्तुत संग्रहाची मांडणी झाली आहे, तो अशांपैकीच एक. शास्त्रज्ञ त्याला निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी म्हणतात. इंग्रजी नावाच्या अनुरोधाने आपण त्याला मुंबईचा रातबेडूक म्हणू. मात्र यातली ‘मुंबई’ म्हणजे शहर नव्हे, तर ज्या राज्याच्या हद्दीत तो प्रथम नोंदला गेला ते तेव्हाचे मुंबई राज्य, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे. चार ते पाच सेंटिमीटर लांबीचा, ओल्या दगडाच्या रंगाचा हा जीव; त्याची कातडी अशी सुरकुतलेली, की थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याने घातला आहे असे वाटावे; आणि डोळ्यांतली बाहुली पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्यासारखी उभी. सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर तो जगात कोठेही नाही.

या ‘उत्तर भागा’विषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण बेडकाचे सारे चरित्र त्या भूगोलात दडलेले आहे. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेला पश्चिम घाट नकाशावर एकसंध दिसत असला, तरी पावसाच्या हिशेबात तो एकसंध नाही. केरळाच्या डोंगरांना नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर परतीच्या पावसाचाही मोठा वाटा मिळतो आणि कोरडे महिने तेथे थोडे असतात. आपल्याकडे आकाश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाची सारी जमाबंदी एकदम चुकती करून टाकते आणि मग सात-आठ महिने ढुंकूनही पाहत नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला पूर्वेस असलेल्या वाईला त्याचा सातवा-आठवा हिस्सा कसाबसा लाभतो. इतकी ही देणगी लहरी आणि हद्दबंद आहे. ज्याची कातडी हेच अर्धे श्वसनेंद्रिय आहे, ज्याला तासभर कोरडा वारा लागला तर प्राणाशी गाठ पडते, अशा प्राण्याने असल्या मुलखात टिकून राहावे कसे, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते ‘रान’ असे आहे, आणि दोन शब्दांत द्यायचे तर ‘रानातला ओढा’ असे आहे.

अंजनी, जांभूळ आणि पिसा ही या माथ्यावरच्या सदाहरित रानाची प्रमुख मंडळी. ही झाडे उंचीने फार नसतात. वारा आणि उथळ माती त्यांना वाढू देत नाहीत. पण त्यांचे शेंडे एकमेकांत असे गुंतलेले असतात, की भर दुपारी खाली संध्याकाळ असते. पानांवर अडलेले धुके थेंब होऊन गळते. खाली कुजलेल्या पाल्याचा थर ते पाणी धरून ठेवतो. जांभ्याचा सडा ते पोटात घेतो आणि कड्याच्या बुडाशी, पाऊस संपल्यावरही कित्येक महिने, थोडेथोडे परत देत राहतो. कोकणात ज्याला पऱ्या किंवा वहाळ म्हणतात आणि घाटावर ओढा किंवा ओहळ म्हणतात, तो या देवघेवीतून जन्मतो. डोंगरी ओढा नदीसारखा मिरवत नाही. बहुतेक ठिकाणी एका ढांगेत तो ओलांडता येतो. परंतु त्याच्यावर झुकलेल्या फांद्यांखाली, शेवाळलेल्या दगडांच्या कपारींत, वैशाखातही जी ओल शिल्लक राहते, ती या बेडकांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वतनासारखी सांभाळली आहे. आणि हे घराणे सामान्य नव्हे. निक्टिबॅट्रॅकस ही प्रजाती केवळ पश्चिम घाटात आढळते. तिच्या कुळातल्या आणखी दोनच प्रजाती ज्ञात आहेत, एक श्रीलंकेत आणि एक केरळात वायनाडच्या डोंगरात. मानवाची चाहूलही पृथ्वीला लागली नव्हती तेव्हापासूनचे हे वतनदार आहेत.

त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान मात्र पावणेदोनशे वर्षांपलीकडे जात नाही, आणि त्या ज्ञानाचीही, गायकीप्रमाणे, वेगवेगळी घराणी आहेत.

पहिले घराणे बरणीचे. कंपनी सरकारच्या चाकरीतले सर्जन, फौजेचे अंमलदार आणि सुट्टीत हाती जाळे घेऊन हिंडणारे साहेब लोक यांनी धरलेले बेडूक मद्यार्काच्या बरणीत बुडवून जहाजाने लंडनला जात आणि तेथे त्यांना नावे मिळत. मद्रास इलाख्यातील जर्डन यांनी १८५३ साली द्वीपकल्पातील सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. १८६४ साली गुंथर यांचा मोठा ग्रंथ आला. आणि मग ब्रिटिश म्युझियमच्या बूलेंजर यांनी १८८२ साली निक्टिबॅट्रॅकस ही प्रजाती स्थापन करून १८९० च्या आपल्या खंडात तोवरच्या साऱ्या माहितीची शिस्तशीर दप्तरबंदी केली. याच बूलेंजर यांनी १८८८ साली माथेरानच्या एका चिमुकल्या बेडकाला मुंबईच्या लीथ नावाच्या डॉक्टरांचे नाव दिले. या घराण्याची शिस्त वादातीत आहे, आणि आजही प्रत्येक नव्या नावाला त्याच दप्तरातून दाखला मिळवावा लागतो. परंतु बरणीतला बेडूक पांढुरका असतो, मुका असतो, आणि तो कोणत्या पानावर बसला होता हे सांगत नाही. दप्तर हरवले तर काय होते, याचाही धडा याच घराण्यात आहे. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातले सी. आर. नारायण राव, जे पुढे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले, त्यांनी १९३७ पर्यंत पश्चिम घाटातील अनेक नव्या बेडकांचे वर्णन केले. त्यांचे मूळ नमुने पुढे नाहीसे झाले, आणि त्यांनी दिलेली नावे नेमकी कोणत्या बेडकांची याचा उलगडा करण्यात नंतरच्या अभ्यासकांची कित्येक वर्षे खर्ची पडली.

दुसरे घराणे पायवाटेचे, आणि त्याची गादी मुंबईत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने निसर्गाच्या अभ्यासाला रानाची सवय लावली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आपला रातबेडूक याच घराण्याचे अपत्य. भादुरी आणि कृपलानी या दोघा संशोधकांनी खंडाळ्याच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन सोसायटीच्या नियतकालिकात १९५५ साली केले आणि त्याला हुमायून अब्दुलली यांचे नाव दिले. अब्दुलली हे मुळात पक्ष्यांचे अभ्यासक; १९५१ चा मुंबई वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. पण बेडकाशी जोडले गेलेले त्यांचे नाव कागदावर राहिले नाही. परदेशी पंचतारांकित ताटांसाठी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात जोरात चालू असताना, शेतातले बेडूक किती किडे फस्त करतात आणि ते नाहीसे झाले तर शेतकऱ्याला औषधावर किती खर्चावे लागेल, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे नेटाने मांडला, आणि १९८७ साली ती निर्यात बंद झाली. ज्याच्या नावाचा बेडूक आहे तोच माणूस पुढे बेडकांचा वकील व्हावा, हा योगायोग मला नेहमीच गोड वाटत आला आहे. त्याच सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांनी पश्चिम भारतातील उभयचरांची क्षेत्र-मार्गदर्शिका १९६३ पासून क्रमशः लिहिली. हातात घेऊन ओढ्यावर जाता येईल असे हे लेखन होते.

तिसरे घराणे रेणूंचे. गेल्या पंचवीस वर्षांत जनुकांच्या तुलनेने बेडकांची वंशावळ लावण्याचे शास्त्र आले आणि पश्चिम घाटातील जातींची संख्या झपाट्याने वाढू लागली. २००३ साली केरळातून जांभळ्या बेडकाचे वर्णन झाले, ज्याचे सगेसोयरे दूर सेशेल्स बेटांवर निघाले. २०११ साली एकट्या निक्टिबॅट्रॅकस प्रजातीत एकाच प्रबंधाने १२ नव्या जातींची भर घातली. २०१७ साली आणखी सात आल्या, त्यांतल्या चार अंगठ्याच्या नखावर बसतील एवढ्या लहान. आणि २०१९ साली वायनाडातून तारकांकित ठिपक्यांची एक संपूर्ण नवी प्रजातीच पुढे आली. या पुराविषयी जाणकारांत दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की डोळ्यांना सारखे दिसणारे बेडूक आवाजाने आणि रक्ताने निराळे असतील तर ते निराळेच मानले पाहिजेत. दुसऱ्याला वाटते, की फाळणीचा हा उत्साह थोडा आवरता घ्यावा. मी पडलो साधा वाचक. पण माझा कौल पहिल्या तटाला आहे, आणि त्याचे कारण शास्त्रीय नसून व्यावहारिक आहे. साऱ्या घाटभर एकच जात आहे असे मानले, तर एखाद्या खिंडीतला ओढा आटला तरी काही बिघडत नाही असे म्हणायला आपण मोकळे होतो. त्या खिंडीत निराळी जात आहे असे ठरले, म्हणजे तो ओढा आटणे हा एका वंशाचा निर्वंश ठरतो.

चौथे घराणे सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत रसिक : रात्री ओढ्याकाठी बसून, काहीही न धरता, नुसते पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्यांचे. कृष्णमेघ कुंटे यांनी २००४ साली या बेडकाच्या कुळाच्या प्रजननाविषयी लिहिले. मग सातारा जिल्ह्यात कोयनेजवळच्या हुंबरळी गावाच्या परिसरात भारतीय आणि परदेशी संशोधकांच्या एका गटाने २०१० ते २०१२ या काळात चाळीस रात्री जागून काढल्या, आणि जे पाहिले ते २०१६ साली जगापुढे ठेवले. बेडकांच्या मीलनात नर मादीला पाठीवरून मिठी मारतो, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. जगातल्या सुमारे ७,००० जातींत या मिठीचे सहाच प्रकार ज्ञात होते. आपला सुरकुतलेला, गरीब चेहऱ्याचा रातबेडूक सातवा प्रकार बाळगून होता. तो मिठी मारतच नाही. ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा फांदीवर मादी बसते. नर तिच्या पाठीवर येतो, पण हात टेकतो ते पानावर. आपले बीज तिच्या पाठीवर सोडतो आणि तिने एकही अंडे घालण्यापूर्वी उतरून बाजूला होतो. मादी थोडा वेळ निश्चल राहते, मग अंडी घालते, आणि बीज तिच्या पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळत अंड्यांपर्यंत पोचते. या जातीची मादीही आवाज देते, ही बेडकांच्या जगात विरळा गोष्ट, तीही त्याच रात्रींत नोंदली गेली. अंडी पानावरच वाढतात. साप ती खाऊन जातात. जी उरतात त्यांतून निघालेले भैकेर, म्हणजे शेपटीवाली पिल्ले, टपटप खालच्या पाण्यात पडतात.

हे वर्णन मी लांबवले, कारण या संग्रहाचा सारा आधार त्या पानावर आहे. पान पाण्यावर झुकलेले हवे. पाण्यात बुडालेले नको आणि काठाच्या मातीवर पसरलेलेही नको. ते रात्रभर ओले राहील एवढी वर सावली हवी आणि खाली डोह किंवा संथ धार हवी. म्हणजे या बेडकाला ‘जंगल’ लागते असे आपण म्हणतो खरे, पण हिशेबाने पाहिले तर त्याला लागतो तो ओढ्याच्या दोन्ही अंगांचा दोन-दोन हात रुंदीचा पट्टा. बाकीचे सारे जंगल हवे, ते तो पट्टा ओला ठेवण्यासाठी.

एका आषाढी रात्री भीमाशंकरच्या बाजूला अशा पट्ट्यात बसण्याचा योग मला आला. बरोबर तिथलाच एक म्हातारा वाटाड्या होता. बॅटरी विझवून बसलो. प्रथम पाण्याखेरीज काही ऐकू येईना. मग कान सरावले आणि पाण्याच्या आवाजाच्या आत दुसरा, अगदी बारीक, तुटक आवाज वेगळा होऊ लागला. वाटाड्याला विचारले, हे कोण? तो म्हणाला, “किडा असंल.” बॅटरीच्या उजेडात पानावरचा बेडूक दाखवला तेव्हा त्याने बराच वेळ पाहिले, आणि मग काहीशा अपराधी स्वरात म्हणाला, की जन्म या ओढ्यावर गेला, गुरे पाजली, खेकडी धरली, पण ह्याला कधी पाहिले नाही. शहरातून येऊन त्याला त्याच्याच ओढ्यातला रहिवासी दाखवण्याचा आगाऊपणा मी केला होता. अपराधी वाटायचेच तर ते मला वाटायला हवे होते.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाने या जातीला ‘असुरक्षित’ वर्गात घातले आहे. जगातील उभयचरांची अवस्था एकूणच बिकट असून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ८,०११ जातींपैकी सुमारे ४१ टक्के जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर असल्याचे आढळले. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले, ऑस्ट्रेलियातले कित्येक ओढ्याचे बेडूक कातडीला ग्रासणाऱ्या एका बुरशीने गिळले. ती बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे. तिकडच्यासारखा संहार मात्र तिने इथे केल्याची नोंद नाही. आपल्याकडचा शत्रू अधिक घरगुती आहे. १९६० च्या दशकात कोयनेच्या जलाशयाखाली दऱ्यांबरोबर किती ओढे गेले त्याचा हिशेब तेव्हा कोणी ठेवला नाही. आता थंड हवेच्या ठिकाणांभोवती जे चालले आहे त्याचाही कोणी ठेवत नाही. डोंगरउतार विकला जातो, त्यावर बंगला उभा राहतो, आणि पहिले काम होते ते वरच्या झऱ्याला नळ जोडण्याचे. दुसरे काम ओढ्याचा काठ ‘साफ’ करण्याचे. झुडपे जातात, दगडी पिचिंग येते, कठड्यावर दिवे लागतात. वरचे रान शाबूत असते, उपग्रहाच्या चित्रात ते हिरवेच दिसते, ओढाही वाहत असतो. पण झुकलेले पान गेलेले असते.

या नाशाची महसुली बाजू मला विशेष उद्बोधक वाटते. खातेदाराच्या जमिनीतून जाणारा ओढा सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ या सदरात जातो. लागवडीस निरुपयोगी, आकारणी नाही. दप्तराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. ज्या जमिनीतून पीक निघत नाही तिला दुसरे काय म्हणणार? पण ज्याला पोटखराबा म्हटले ते सुधारण्याचा मोह खातेदाराला होतोच, आणि त्या सुधारणेत एका वतनदाराची बेदखली होते, जिची फेरफार-नोंद कोणत्याही चावडीवर होत नाही. पश्चिम घाटाच्या संरक्षणावर गेली पंधरा वर्षे मोठे रण माजले आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन यांच्या गटाचा २०१३ साली. दरम्यान २०१२ साली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार स्थळे जागतिक वारशाच्या यादीत बसली. तालुके कोणते, गावे कोणती, चौरस किलोमीटर किती, यावरचा तो वाद आवश्यकच आहे. परंतु त्या साऱ्या नकाशांची मोजपट्टी इतकी मोठी आहे, की दोन हातांचा काठ तिच्यावर उमटत नाही. याउलट गावाने राखलेल्या देवरायांत, ज्यांची पद्धतशीर नोंद गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात केली, कित्येक ठिकाणी झऱ्याचा उगम आणि त्यावरची सावली ही देवाच्या नावाने एकत्र राखलेली दिसते. तिथे कोणी बेडकासाठी काही केले नव्हते. पण कोयता चालवायचा नाही एवढी एकच अट पुरेशी ठरली. देवराईचे गोडवे गाण्याची आज फॅशन आहे आणि देवळाचा जीर्णोद्धार करताना तीच राई तोडण्याचीही आहे, हे मी विसरलेलो नाही.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत संग्रहाने काय योजले आहे ते सांगितले पाहिजे. मराठीत पक्ष्यांवर, वृक्षांवर, अलीकडे फुलपाखरांवरही वाचनीय पुस्तके झाली. बेडकावर, त्यातही ओढ्याच्या बेडकावर, सलग लेखन विरळ आहे. संपादकांनी वर सांगितलेल्या चारही घराण्यांच्या लेखकांना एका बैठकीत बसवले आहे, आणि त्यांच्यातले मतभेद मिटवण्याचा खटाटोप केलेला नाही, हे मला योग्य वाटते. ही ओळखपुस्तिका नव्हे. तिच्या मदतीने कोणाला शंभर बेडूक ओळखता येणार नाहीत. एका बेडकाच्या निमित्ताने ओढा कसा वाचावा, त्याच्या पाण्याचा हिशेब कसा मांडावा, त्याच्याकाठी रात्री कसे बसावे, आणि गावच्या कागदपत्रांत तो कोठे शोधावा, एवढेच तिला सांगायचे आहे. काही लेख कठीण आहेत. जनुकांवरचा लेख मी तीनदा वाचला आणि दोनदा समजला. ध्वनिलेखनावरच्या लेखातली परिभाषा अंमळ जड झाली आहे. तो पाऊस चालू असताना वाचावा, म्हणजे सोपा जातो.

एका बाबतीत मात्र संपादकांशी माझा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. ‘रातबेडूक’ हे इंग्रजीचे भाषांतर आहे, रात्री तर बहुतेक सारेच बेडूक बाहेर पडतात, तेव्हा ह्याला आपण ‘काठबेडूक’ म्हणावे, असे माझे म्हणणे होते. रूढ होत आलेले नाव बदलू नये, असे त्यांचे. शेवटी तडजोड अशी ठरली, की पुस्तकभर रातबेडूकच राहील आणि प्रस्तावनेत मला हवे ते नाव वापरण्याची मुभा असेल. वाटाड्याने कोणते नाव पसंत केले असते हे विचारायला पुढच्या आषाढात जायचे आहे. तोवर मी ती मुभा वापरलेली नाही.